मराठवाड्याचा विकास कुणाच्या नावावर? उद्योजकांची एकजूट आणि आपला हिस्सा

ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरात एकाच वेळी दीडशे मर्सिडीज गाड्या विकल्या गेल्या. उद्योजक, बिल्डर, डॉक्टर, व्यापारी अशी मंडळी एकत्र आली, त्यांनी कंपनीशी एकगठ्ठा सौदा केला आणि भाव पाडून घेतला. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा होता. त्यातले ४० कोटींहून अधिक रुपये स्टेट बँकेने कर्ज म्हणून दिले, तेही साधारण ७ टक्के व्याजाने. त्याच काळात मराठवाड्यातला शेतकरी ट्रॅक्टरसाठी १२ टक्के आणि त्याहून जास्त व्याज मोजत होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ही विसंगती देशासमोर मांडली. कुणी या खरेदीचा अभिमान बाळगला, कुणी तिला शिव्या घातल्या.

आम्हाला त्या घटनेतली तिसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ही मंडळी एकेकटी शोरूममध्ये गेली असती तर प्रत्येकाला छापील किंमत मोजावी लागली असती. ती संघटित झाली म्हणून कंपनी वाकली आणि बँकही वाकली. वर हे सगळे शहराचे नाव गुंतवणुकीच्या नकाशावर यावे म्हणून केले असे सांगता आले. म्हणजे स्वतःच्या फायद्याला त्यांनी प्रदेशाच्या विकासाचे नाव दिले आणि लोकांनी ते मान्यही केले. 'संघटित व्हा' हा बाबासाहेबांचा आदेश आपण मिरवणुकीच्या बॅनरवर लिहितो. या शहरात त्याचा आर्थिक वापर कुणी जास्त नेमका केला असेल, तर तो उद्योजकांनी केला आहे. हे बोचणारे असले तरी खरे आहे.

आज हा विषय काढण्याचे कारण बिडकीन आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथे सुमारे २० हजार कोटींच्या प्रकल्पाचा सामंजस्य करार केला. त्याच्या आगेमागे विजेवरच्या दुचाकी बनवणाऱ्या एथर कंपनीने बिडकीनची निवड जाहीर केली. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १० हजार एकरांवर 'ऑरिक' हे औद्योगिक शहर उभे राहत आहे. पुढच्या दहा वर्षांत इथे कोण मालक, कोण पुरवठादार, कोण कायम कामगार आणि कोण ठेकेदाराचा हेल्पर होणार हे आत्ता ठरते आहे. आपण त्या चर्चेत नसू, तर उत्तर आपल्याशिवाय ठरेल.

त्यांनी काय केले ते आधी मान्य करू

टीका करण्याआधी समोरच्याचे काम नीट पाहावे, ही बाबासाहेबांची शिस्त आहे. म्हणून आधी श्रेय देऊ.

या शहरात उद्योजकांच्या दोन मोठ्या संघटना आहेत. एक चेंबर ऑफ मराठवाडा इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर, म्हणजे सीएमआयए. दुसरी लघुउद्योजकांची, मराठवाडा असोसिएशन ऑफ स्मॉल स्केल इंडस्ट्रीज अँड अॅग्रिकल्चर, म्हणजे मसिआ. रस्ते, वीजदर, विमानसेवा, रेल्वे, औद्योगिक वसाहतींतले पाणी या प्रश्नांवर या संघटना सतत निवेदने देतात, मंत्र्यांना भेटतात, मुंबई-दिल्लीत पाठपुरावा करतात. वाळूजला केंद्र सरकारच्या योजनेतून मराठवाडा ऑटो क्लस्टर उभे राहिले. एकट्या छोट्या कारखानदाराला न परवडणारी चाचणी यंत्रे आणि डिझाइनच्या सोयी तिथे सामाईक वापरासाठी मिळतात. सीएमआयएच्या पुढाकारातून 'मॅजिक' हे नवउद्योजकांसाठीचे केंद्र सुरू झाले. मसिआने २०२० आणि २०२४ च्या जानेवारीत मोठी औद्योगिक प्रदर्शने भरवली. मोठी कंपनी आली की तिच्याभोवती लहान कारखाने कसे उभे करायचे, हे या शहरातल्या लोकांनी स्वतः शिकून घेतले.

१९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. दुचाकीला शेकडो सुटे भाग लागतात. ते सगळे भाग एकच कंपनी बनवत नाही. कुणी प्रेसवर पत्रा दाबून देतो, कुणी लेथवर शाफ्ट काढतो, कुणी रबराची बुशिंग करतो, कुणी रंग आणि प्लेटिंगचे काम घेतो. एका मोठ्या कारखान्यामागे असे शेकडो व्हेंडर उभे राहतात आणि त्यांच्यामागे आणखी लहान जॉबवर्कवाले असतात. चिकलठाणा, रेल्वे स्टेशन, वाळूज, शेंद्रा या वसाहतींमधली निम्मी कहाणी या पत्र्याच्या शेडमधली आहे. एक-दोन यंत्रांपासून सुरू केलेले लोक पुढे परदेशात माल पाठवू लागले. हे कष्ट खरे आहेत आणि ते नाकारण्याचे आम्हाला काही कारण नाही.

पण खर्च कुणी केला?

'आम्ही शहर घडवले' हे वाक्य औद्योगिक मेळाव्यांच्या व्यासपीठावरून वारंवार ऐकू येते. त्या वाक्यात एक हिशेब गाळलेला असतो.

जमीन कुठून आली? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्याने शेतकऱ्यांच्या जमिनी संपादित केल्या, रस्ते केले, पाण्याच्या पाइपलाइन टाकल्या आणि तयार भूखंड उद्योजकांना दिले. मागास भागात कारखाना काढणाऱ्याला १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजनेखाली सवलती मिळत आल्या आहेत. त्या सवलतींचा पैसा सरकारी तिजोरीतून जातो, आणि त्या तिजोरीत काडेपेटी विकत घेणारी मोलकरीणही कर भरते.

पाणी कुठून आले? जायकवाडीतून. १९७६ मध्ये त्या धरणाचे उद्घाटन झाले. नाथसागराखाली शंभराहून अधिक गावे गेली. आज त्याच पाण्यावर कारखाने चालतात आणि शहरातल्या वस्त्यांमध्ये मात्र कित्येक दिवसांनी नळ येतो. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्के कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. पाण्याची रांग न्यायालयाने बदलावी लागते, याचा अर्थ आधी ती रांग कुणीतरी लावलेली होती.

शिकलेले हात कुठून आले? आपल्या लोकांना ठामपणे सांगता आले पाहिजे असे उत्तर इथे आहे. १९५० मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत इथे महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद. नागसेनवनाच्या त्या ओसाड माळावर गावकुसाबाहेरची मुले येऊन शिकली. विद्यापीठ १९५८ मध्ये झाले, पहिली औद्योगिक वसाहत त्याच्याही नंतर. कारखाने येण्याच्या कितीतरी आधी या शहरात मनुष्यबळावर गुंतवणूक करणारा माणूस होता, आणि त्याने त्यावर कोणताही परतावा मागितला नाही. मराठवाड्याच्या औद्योगिक इतिहासाच्या पहिल्या पानावर मिलिंदचे नाव असायला हवे. किती औद्योगिक स्मरणिकांमध्ये ते असते, हे तरुणांनी स्वतः तपासून पाहावे.

म्हणजे जमीन समाजाची, पाणी समाजाचे, तिजोरी समाजाची, शिक्षण समाजाचे. उद्योजकाचे काय? धाडस, कौशल्य आणि मेहनत. ती मोलाची आहेत. पण पाचातला एक भागीदार सगळ्या कंपनीवर आपलेच नाव लावत असेल, तर बाकीच्या चौघांनी हिशेबाची वही मागणे हा हक्क आहे, द्वेष नव्हे.

'प्रदेश' या शब्दाआड काय लपते?

'मराठवाड्याचा अनुशेष', 'मराठवाड्यावर अन्याय' हे शब्द आपण सगळेच वापरतो. अन्याय झालाही आहे. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर आले ते याच भावनेने. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळ झाले, एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली. अनुशेष मोजला गेला तो रस्ते, सिंचन, वीज, शाळा यांचा, जिल्ह्यांच्या हिशेबाने. त्या जिल्ह्याच्या आत कुणाच्या विहिरीला पाणी आहे आणि कुणाच्या वस्तीला रस्ता नाही, हे त्या तक्त्यांत कुठे दिसले?

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर 'मराठवाड्याच्या अस्मिते'च्या नावाखाली गावोगाव आपली घरे जाळली गेली. पोचीराम कांबळे यांच्यासारखे लोक शहीद झाले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत साडेपंधरा वर्षे लढावे लागले. अनुशेष मागताना आपण मराठवाड्याचे होतो. विद्यापीठाला नाव मागितले तेव्हा मराठवाडा दुसऱ्यांचा झाला. हा अनुभव ज्या समाजाच्या गाठीशी आहे, त्याने 'प्रदेशाचा विकास' हे शब्द ऐकताच पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे. प्रदेशातल्या कुणाचा?

दारावर पाटी नसते, तरी दार बंद असते

यावर ठरलेले उत्तर येते. 'उद्योगाला जात नसते. चांगला माल द्या, वेळेत द्या, ऑर्डर घ्या.' ऐकायला हे स्वच्छ वाटते. प्रत्यक्ष व्यवहार कसा चालतो ते पाहू.

एखाद्या तरुणाला वाळूजमध्ये जॉबवर्क सुरू करायचे आहे. त्याला पहिली ऑर्डर हवी. ती निविदेच्या जाहिरातीतून क्वचितच मिळते. मोठ्या व्हेंडरच्या खरेदी विभागातल्या ओळखीतून मिळते. ओळख कुठे होते? एकाच महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांत, एकाच ज्ञातीच्या मंगल कार्यालयात, एकाच सोसायटीच्या गणपतीत. त्याला जुने यंत्र उधारीवर हवे. ते मामा देतो, नाहीतर वडिलांचे मित्र देतात. त्याला बँकेचे खेळते भांडवल हवे. बँक तारण मागते. आपल्या बहुतेक वस्त्या गायरानावर, नझूलच्या जागेवर किंवा झोपडपट्टीत. तीस वर्षे राहून, पक्के घर बांधूनही मालमत्ता पत्रक नाही. लाखो रुपयांचे घर आहे, पण बँकेच्या लेखी त्याची किंमत शून्य. मग मॅनेजर शांतपणे म्हणतो, 'जामीनदार आणा.'

यात कुणीही जात विचारली नाही. तरीही प्रत्येक पायरीवर जात काम करून गेली. आजचा जातिभेद बहुतेक वेळा असा चालतो. तो अपमान करतोच असे नाही. तो फक्त ओळख करून देत नाही.

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावा. खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक फक्त आडनावाचा होता. दलित वाटणाऱ्या नावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाली. २०१२ मध्ये देशातल्या हजार मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अभ्यास झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींचे मिळून सुमारे साडेतीन टक्के संचालक सापडले. 'गुणवत्ता' हाच निकष असेल, तर देशाच्या लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याजवळ एवढीच गुणवत्ता आहे, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते उघडपणे म्हणावे.

बाबासाहेबांना हा प्रश्न नवीन नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि विटाळाची भीती होती. विणकाम खात्यात पगार जास्त होता. म्हणजे विटाळाचा थेट अर्थ कमी मजुरी असा होता. लढाऊ कामगार संघटनाही त्यावर गप्प राहत. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, ते याच अनुभवातून. मनमाड इथून फार लांब नाही. आज वाळूजला विटाळ कुणी मानत नाही. पण कायम कामगार कोण, ठेकेदाराकडचा कोण, रंगाच्या टाकीजवळ कोण, रात्री शेड धुणारा कोण, याची यादी प्रत्येक कारखान्याने एकदा सामाजिक प्रवर्गानुसार काढावी. आम्ही निष्कर्ष आधी सांगत नाही. यादी काढा, एवढेच म्हणतो.

आपल्यातल्याच दोन आक्षेपांविषयी

हे लिहिताना आपल्या बाजूचे दोन आक्षेप आम्हाला ऐकू येतात.

पहिला असा: 'भांडवलशाही शत्रू आहे असे बाबासाहेबांनीच सांगितले. मग आपण उद्योजक कशाला व्हायचे? उद्योजकांकडे वाटा कशाला मागायचा?' बाबासाहेबांचा विरोध शोषणाला होता, उद्योगाला नव्हता. १९१८ च्या लहान शेतजमिनींवरील निबंधात त्यांनी दाखवून दिले की, शेतीवर नको तेवढी माणसे अडकून पडली आहेत आणि त्यावरचा उपाय औद्योगिकीकरण हाच आहे. १९४२ ते १९४६ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास कमी करण्यासाठी, वीज आणि पाण्याच्या नियोजनासाठी काम केले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये प्रमुख उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले. तिन्ही ठिकाणी कारखाना हवाच आहे. प्रश्न मालकीचा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा आहे. राज्य आज मालकी सोडत चालले आहे. अशा वेळी 'आम्हाला त्यात पडायचेच नाही' म्हणणे म्हणजे सगळी मालकी आधीच ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे राहू देणे.

दुसरा आक्षेप नेमका उलटा: 'नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा. दहा दलित कोट्यधीश झाले की समाज वर येईल.' २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, स्थापन केली. आपल्या माणसाने उद्योजक व्हायचे स्वप्न बघावे, हा आत्मविश्वास तिने दिला. ते काम मोठे आहे. पण दहा कोट्यधीशांच्या यशकथा ठेकेदाराकडे बारा तास राबणाऱ्याच्या हातात पीएफचा नंबर देत नाहीत. आपला उद्योजकही कामगाराला किमान वेतन देत नसेल, तर त्याने फक्त मालकाचे आडनाव बदलले. म्हणून आम्हाला दोन्ही हवे आहे. मालकीत वाटा हवा आणि मजुरीत न्याय हवा. एकासाठी दुसरे सोडायचे नाही.

उद्योजक संघटनांकडे आमच्या मागण्या

आम्ही भीक मागत नाही, हिशेब मागतो. सीएमआयए, मसिआ आणि इथल्या मोठ्या कंपन्यांसमोर पुढील गोष्टी ठेवाव्यात असे आम्हाला वाटते.

एक. खरेदीत वाटा. केंद्र सरकारच्या खात्यांनी आणि सार्वजनिक उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म-लघुउद्योगांकडून करावी आणि त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून करावी असे धोरण आहे. २०१२ मध्ये ते सुरू झाले तेव्हा २० टक्के होते, नंतर वाढले. चार टक्क्यांचे उद्दिष्ट मात्र वर्षानुवर्षे अपुरेच राहिले. खासगी कंपन्यांना तर ते लागूच नाही. पण २००६ मध्ये जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखालील गटाच्या शिफारशींनंतर देशातल्या बड्या उद्योग संघटनांनी स्वतःहून सामाजिक समावेशाची आचारसंहिता मान्य केली होती. इथल्या संघटनांनी आपल्या सभासदांसाठी तशी आचारसंहिता करावी. किती व्हेंडर कोणत्या प्रवर्गातले आहेत, ते दरवर्षी जाहीर करावे.

दोन. पैसे वेळेवर. २००६ च्या कायद्यानुसार लघुउद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते व्हायला हवे. घरचे भांडवल असलेला उद्योजक सहा महिने थांबू शकतो. पहिल्या पिढीतला उद्योजक तिसऱ्या महिन्यात यंत्र विकतो. बिल उशिरा देणे सगळ्यांसाठी वाईट, पण ते सगळ्यांना सारखे मारत नाही.

तीन. शिकाऊ उमेदवार. १९६१ च्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी शिकाऊ उमेदवारांच्या जागा राखीव ठेवण्याची तरतूद आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यांना यंत्रावर उभे करावे. झाडू आणि ट्रॉली हे प्रशिक्षण नव्हे.

चार. ठेकेदारीची मर्यादा. बारमाही चालणारे मुख्य काम वर्षानुवर्षे ठेकेदाराच्या माणसांकडून करून घेणे बंद व्हावे. ज्या संघटना सरकारकडे वीजदरासाठी एकमुखाने जातात, त्यांनी किमान वेतन आणि पीएफ बुडवणाऱ्या सभासदालाही एकमुखाने जाब विचारावा.

पाच. भूमिहीनांचा विचार. भूसंपादनात सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मोबदला मिळतो. त्याच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या मजुरी करणाऱ्याला आणि गायरान कसणाऱ्याला काय मिळते? मालकाने पैसे घेऊन शहरात घर घेतले, मजुराची मजुरी गेली. बिडकीन परिसरातल्या भूमिहीन कुटुंबांतल्या मुलामुलींना प्रशिक्षण आणि कायम नोकरीत प्राधान्य हवे. 'भूमिपुत्र' या शब्दात ज्याच्याकडे भूमीच नव्हती तोही आला पाहिजे.

आणि आपण काय करायचे?

मागण्या लिहून आपली जबाबदारी संपत नाही. मर्सिडीज घेणाऱ्यांकडून गाडी शिकायची नाही, गठ्ठा बांधायला शिकायचे आहे.

आपल्या वस्त्यांत आयटीआय केलेले टर्नर, फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किती आहेत? डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग केलेले किती? कारखान्यात वीस वर्षे काढून निवृत्त झालेले, यंत्राचा आवाज ऐकून बिघाड सांगणारे किती? मुकुंदवाडी, भीमनगर, रमानगर, उस्मानपुरा, रांजणगाव इथल्या विहारांत रविवारी वंदना होते. तिथेच एक वही ठेवा. नाव, कौशल्य, अनुभव. तीन महिन्यांत आपल्याकडे अशी यादी असेल जी आज कुठल्याच कार्यालयात नाही.

मग दहा-पंधरा जणांचे गट करा. एकट्याने व्हीएमसी यंत्र घेणे परवडत नाही, दहा जणांना परवडू शकते. सहकारी संस्था नोंदवा किंवा भागीदारी करा, पण कागदावर करा. हिशेब सनदी लेखापालाकडून तपासून घ्या. स्टँड-अप इंडिया योजना २०१६ मध्ये आली तेव्हा तिच्यात प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावे असे ठरले होते. आपल्या परिसरातल्या शाखांनी अशी किती कर्जे दिली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. राज्याची बाबासाहेबांच्या नावाची विशेष सामूहिक प्रोत्साहन योजना आहे. एमआयडीसीत आपल्या प्रवर्गासाठी किती भूखंड ठेवले गेले, कुणाला दिले गेले आणि त्यातल्या किती शेडमध्ये खरोखर तोच माणूस यंत्र चालवतो, हेही विचारा. भूखंड आपल्या नावावर आणि कारखाना दुसऱ्याचा असा प्रकार जिथे दिसेल तिथे आपल्या माणसालाही पाठीशी घालू नका.

उद्योजक संघटनांचे सभासदही व्हा. वर्गणी भरा, सर्वसाधारण सभेला जा, प्रश्न विचारा, निवडणूक लढवा. बाहेर उभे राहून घोषणा देण्याचा अनुभव आपल्याला भरपूर आहे आणि तो गरजेचाही आहे. आता आत बसून इतिवृत्तात आपले म्हणणे लिहून घेण्याची सवय लावायची आहे.

जयंतीला आपण लाखोंनी वर्गणी गोळा करतो. ती करावीच. तो आपला सण आहे. पण प्रत्येक मंडळाने त्यातला दहावा भाग वस्तीतल्या तरुणांच्या अवजारांसाठी, परीक्षांसाठी, जामिनाच्या फंडासाठी बाजूला काढला, तर 'जामीनदार आणा' म्हणणाऱ्या मॅनेजरसमोर अख्खी वस्ती जामीनदार म्हणून उभी राहील.

या मातीतला जुना दाखला

कन्नडजवळच्या पितळखोरा लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. प्रतिष्ठान म्हणजे आपल्या पैठणचा मितदेव हा गंधिक, अत्तरे आणि सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घरातला. त्याने दिलेल्या दानाची नोंद तिथल्या खांबावर कोरलेली आहे. कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव तिथल्या यक्षमूर्तीवर आहे. व्यापारी आणि कारागीर, दोघांची नावे एकाच लेणीत आहेत. या प्रदेशातला व्यापारी समाज सामाईक वास्तू उभी करायला पैसा देत होता आणि तिच्यात कारागिराच्या नावालाही जागा होती.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत. कामगाराच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरात काही विशेष चांगले आले तर त्यातही वाटा द्यावा, वेळेवर सुट्टी द्यावी. यातले चौथे कर्तव्य आम्हाला आजच्या शहराला लावून पाहावेसे वाटते. मराठवाड्याच्या घरात आता काहीतरी विशेष आले आहे. वीस हजार कोटींचा कारखाना आला आहे, महामार्ग आला आहे, जगाच्या कंपन्या आल्या आहेत. या घासात वाटा कुणाकुणाचा?

उद्योजक बांधवांना आमचे सांगणे आहे की, तुम्ही प्रदेशाच्या नावाने सवलती घेतल्या, तर प्रदेशातल्या शेवटच्या वस्तीलाही हिशेब द्या. आणि आपल्या तरुणांना सांगणे आहे की, हिशेब मागायला जाताना हातात वही घेऊन जा. बाबासाहेबांनी नागसेनवनात आपल्याला शिकवले ते गेट पास मिळवण्यापुरते नाही. कारखान्याचा आराखडा ज्या टेबलावर उघडतो, त्या टेबलापर्यंत पोहोचण्यासाठी शिकवले.

जयभीम!